डायलिसिस आणि रक्तातून पसरणारे विषाणू : रुग्ण, कुटुंबीय व दात्यांनी जाणून घ्यावे असे काही

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांसाठी डायलिसिस हा जीवनाधार होय. एके काळी हा उपचार केवळ महानगरांतील मोठ्या रुग्णालयांतच उपलब्ध असे. आज जिल्ह्याच्या व अनेक तालुक्यांच्या ठिकाणीही डायलिसिस केंद्रे चालू झाली आहेत. २०१६ साली केंद्र शासनाने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना हा उपचार विनामूल्य मिळू लागला. अनेक देवस्थाने, धर्मादाय न्यास व दानशूर व्यक्तीही डायलिसिस यंत्रांसाठी सढळ हाताने साहाय्य करीत असतात. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि या उपचाराची एक बाजू अशी आहे की, तिच्याविषयी रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि यंत्र देणारे दाते या तिघांनाही फारशी माहिती नसते. ती बाजू म्हणजे रक्तावाटे पसरणारे विषाणू.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. हे ते तीन विषाणू होत. पहिले दोन यकृतावर आघात करतात, तर तिसरा शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर. हे संसर्ग डायलिसिस केंद्रात का शिरतात, कोणत्या मार्गाने शिरतात आणि ते कसे रोखता येतात, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. हा संसर्ग म्हणजे नशिबाचा भाग नव्हे. तो बहुतांशी टाळता येतो आणि तो टाळण्याचा मार्ग महागड्या यंत्रापेक्षा स्वच्छ हातांतून व काटेकोर कार्यपद्धतीतून जातो.

रुग्णाचे रक्त शरीराबाहेर येते म्हणजे काय?

निरोगी माणसाची मूत्रपिंडे अहोरात्र रक्त गाळून त्यातील अनावश्यक द्रव्ये व जादा पाणी बाहेर टाकतात. हे कार्य थांबले की ते यंत्राकडून करवून घ्यावे लागते. सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, रुग्णाचे रक्त नळीतून बाहेर काढून डायलायझर नावाच्या गाळणीतून फिरविले जाते आणि शुद्ध करून पुन्हा शरीरात सोडले जाते. हातावरील धमनी व शीर जोडून तयार केलेल्या फिस्टुलामध्ये यासाठी दर वेळी दोन सुया टोचाव्या लागतात. आठवड्याला तीन वेळा या हिशेबाने वर्षात सुमारे १५६ वेळा डायलिसिस होते आणि तीनशेहून अधिक वेळा सुई टोचली जाते. प्रत्येक वेळी हेपारिनसारखी औषधे रक्तमार्गात दिली जातात. शिवाय एकाच दालनात अनेक रुग्ण शेजारी-शेजारी असतात, तेच कर्मचारी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात आणि एकाच खाटेवर दिवसातून दोन-तीन पाळ्यांत वेगवेगळे रुग्ण उपचार घेतात. वैद्यकशास्त्रातील फारच थोड्या उपचारांत इतक्या माणसांचे रक्त इतक्या वारंवार व इतक्या जवळ-जवळ हाताळले जाते.

यात भर म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते. त्यामुळे शरीरात शिरलेला विषाणू त्यास सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. हिपॅटायटिस बी हा विकार निरोगी प्रौढ व्यक्तीत बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. डायलिसिसवरील रुग्णात मात्र तो दीर्घकाळ मुक्काम करण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो. डोळे व त्वचा पिवळी पडणे ही जी काविळीची परिचित खूण, तीही या रुग्णांत बहुतेक वेळा दिसत नाही. यकृताला सूज आली म्हणजे रक्तातील ज्या घटकांचे प्रमाण वाढते, ते या रुग्णांत मुळातच कमी असल्याने साध्या तपासणीतही आजार लपून राहतो. म्हणूनच केवळ लक्षणांवर विसंबून चालत नाही. ठरावीक काळाने विशिष्ट रक्तचाचण्या करणे अत्यावश्यक ठरते.

इतिहासाने दिलेला धडा

डच वैद्य विलेम कोल्फ यांनी १९४३ साली पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड बनविले. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येईल अशी नळी तयार केली, तेव्हा एकाच रुग्णास वर्षानुवर्षे डायलिसिसवर ठेवणे शक्य झाले. केंद्रे वाढली, रुग्ण वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ कावीळही आली. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १९६९-७० मध्ये डायलिसिस विभागात हिपॅटायटिस बी विषाणूच्या काविळीची भीषण साथ पसरली. त्या साथीत रुग्णांबरोबरच त्यांची सेवा करणारे रुग्णालयातील कर्मचारीही मृत्युमुखी पडले. या घटनेने साऱ्या वैद्यकीय जगास हादरा दिला. ब्रिटनमध्ये लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ साली डायलिसिस केंद्रांसाठी नियमावली सुचविली, तर अमेरिकेतही १९७७ साली अशाच मार्गदर्शक सूचना प्रसृत झाल्या.

या सूचना कोणत्या होत्या? सर्व रुग्णांच्या रक्ताची नियमित चाचणी करणे, हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णास स्वतंत्र खोली, स्वतंत्र यंत्र व स्वतंत्र कर्मचारी देणे, हातमोजे वापरणे व बदलणे, आणि पृष्ठभाग निर्जंतुक करणे. यांत नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. तरीही परिणाम लक्षणीय झाला. अमेरिकेतील डायलिसिस रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बीच्या नव्या संसर्गाचे वार्षिक प्रमाण १९७४ साली ६.२ टक्के होते, ते १९८० पर्यंत सुमारे १ टक्क्यावर आले. हिपॅटायटिस बीची पहिली लस त्या देशात १९८१ साली मान्य झाली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजेच लस येण्यापूर्वीच केवळ शिस्तीच्या बळावर हा संसर्ग इतका घटला होता.

हिपॅटायटिस सीची कथा थोडी निराळी आहे. या विषाणूची ओळख १९८९ साली पटली. त्याविषयीच्या संशोधनासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चा नोबेल पुरस्कार मिळाला. आरंभी असा समज होता की, डायलिसिस रुग्णांना हा विषाणू प्रामुख्याने रक्त चढविल्यामुळे मिळतो. त्या काळी या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागत असे. पुढे रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिन हे इंजेक्शन आले, रक्त चढविण्याची गरज कमी झाली आणि रक्तपेढ्यांतून प्रत्येक पिशवीची चाचणीही होऊ लागली. तरीसुद्धा कधीही रक्त न चढविलेल्या रुग्णांत हा संसर्ग आढळतच राहिला. याचा अर्थ उघड होता. विषाणू पिशवीतूनच नव्हे, तर खुद्द केंद्रातील कामकाजातून पसरत होता.

एच.आय.व्ही. हा विषाणू शरीराबाहेर तुलनेने दुर्बळ असतो. परंतु १९९० च्या दशकात कोलंबिया व इजिप्त या देशांत डायलिसिस केंद्रांतून त्याचाही प्रसार झाल्याची नोंद आहे. २०२४ साली पाकिस्तानातील मुलतान येथे असाच प्रकार उघडकीस आला. सुया, नळ्या किंवा उपकरणे यांच्या वापरात मूलभूत दक्षता सुटली, तर दुर्बळ विषाणूसही वाट मिळते.

विषाणू नेमका कोणत्या वाटेने जातो?

पुष्कळांची अशी समजूत असते की, यंत्र एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळते. वस्तुतः तसे नाही. रुग्णाचे रक्त नळ्यांतून व डायलायझरमधून वाहते, यंत्राच्या अंतर्भागातून नव्हे. डायलायझरच्या पडद्याची छिद्रे या विषाणूंच्या आकाराहून कितीतरी लहान असल्याने पडदा अखंड असेतो विषाणू पलीकडे जाऊ शकत नाही. मात्र पडदा फाटल्यास, किंवा दाबमापकाजवळील संरक्षक गाळणी रक्ताने भिजूनही तशीच वापरल्यास, यंत्राचा अंतर्भाग दूषित होऊ शकतो. म्हणून अशी गाळणी तत्काळ बदलून यंत्राची तपासणी करणे आवश्यक असते.

प्रत्यक्षात विषाणूची मुख्य वाट याहून साधी आहे. रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा कण हातमोज्यास लागतो आणि त्याच हातमोज्याने दुसऱ्या रुग्णाच्या सुईला स्पर्श होतो. यंत्राची कळ, खुर्चीचा हात, चिमटा, चिकटपट्टीची गुंडाळी, रक्तदाब मोजण्याचा पट्टा या वस्तूंवर तो कण राहून जातो. हिपॅटायटिस बीचा विषाणू अशा कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो आणि हिपॅटायटिस सीचा विषाणूही काही दिवस तग धरू शकतो. औषधाची एकच बाटली अनेकांसाठी वापरणे, आणि औषधांचा ट्रे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरविणे, या दोन सवयी तर अनेक साथींच्या मुळाशी आढळल्या आहेत. औषधे रुग्णांपासून दूर, स्वच्छ व स्वतंत्र जागी भरावीत आणि प्रत्येक रुग्णासाठी वेगळी न्यावीत, हा नियम यासाठीच आहे.

आपल्या देशात खर्च वाचविण्यासाठी डायलायझर धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यावर रुग्णाचे नाव स्पष्ट असणे, अदलाबदल न होणे आणि निर्जंतुकीकरण काटेकोर असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर मात्र पुन्हा वापरूच नये, असा संकेत आहे.

वेगळी खोली कोणासाठी?

या तीन विषाणूंबाबत नियम एकसारखे नाहीत आणि येथेच पुष्कळ गैरसमज होतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तात अतिशय मोठ्या संख्येने असतो व पृष्ठभागावर दीर्घकाळ टिकतो. म्हणून त्या रुग्णांसाठी स्वतंत्र खोली व स्वतंत्र यंत्र आवश्यक मानले जाते. हिपॅटायटिस सी व एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णांसाठी मात्र सर्व रुग्णांबाबत पाळावयाची दक्षता नीट पाळली गेल्यास वेगळे यंत्र वा वेगळी खोली यांची आवश्यकता नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

या संदर्भात २००४ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास उद्बोधक आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, स्पेन, ब्रिटन व अमेरिका या सात देशांतील ३०८ डायलिसिस केंद्रांची त्यात पाहणी करण्यात आली. केंद्रांतील हिपॅटायटिस सीचे सरासरी प्रमाण १३.५ टक्के आढळले. देशागणिक ते २.६ टक्क्यांपासून २२.९ टक्क्यांपर्यंत बदलत होते. उपचार एकच असून प्रमाणात इतका फरक पडावा, हे विचार करण्याजोगे आहे. या अभ्यासात असेही दिसून आले की, संसर्गित रुग्णांना वेगळे ठेवल्याने हिपॅटायटिस सीचा नवा संसर्ग घटल्याचे आढळले नाही. जेथे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, तेथे मात्र संसर्ग कमी होता. रुग्णास दूर लोटण्यापेक्षा त्याची सेवा करणारे हात शिकविणे हितावह, असेच यावरून म्हणावे लागेल.

हे सांगण्याचे कारण असे की, हिपॅटायटिस सी किंवा एच.आय.व्ही.चा अहवाल दिसताच रुग्णास परत पाठविण्याचे प्रकार घडतात. डायलिसिस चार-पाच दिवस चुकले तरी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. शिवाय नाकारले जाण्याच्या भीतीने रुग्ण अहवाल लपवू लागले, तर सर्वांचीच सुरक्षितता धोक्यात येते. एच.आय.व्ही. बाधित व्यक्तीस आरोग्यसेवा नाकारणे हे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध असून तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे.

लस आणि औषध

हिपॅटायटिस बीसाठी उत्तम लस आहे. हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली या लसीचे स्वदेशी उत्पादन बाजारात आणले आणि पूर्वी महाग असलेली ही लस सामान्यांच्या आवाक्यात आली. प्रश्न असतो तो वेळेचा. निरोगी प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना या लसीने संरक्षण लाभते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर मात्र हे प्रमाण बरेच खाली येते. म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब वा अन्य कारणाने मूत्रपिंडे अशक्त झाल्याचे निदान होताच, डायलिसिसची वेळ येण्याची वाट न पाहता, वैद्यांच्या सल्ल्याने ही लस घ्यावी. डायलिसिसवरील रुग्णांना सहसा दुप्पट मात्रा, एकूण चार वेळा दिली जाते. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणी करून संरक्षण मिळाले की नाही हे पाहावे आणि पुढे दरवर्षी ते तपासून आवश्यक तर पूरक मात्रा घ्यावी.

हिपॅटायटिस सीवर लस नाही. परंतु तो आज बरा होणारा आजार आहे. पूर्वीचे इंटरफेरॉनचे उपचार डायलिसिसवरील रुग्णांना सोसत नसत. २०१३ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी हे चित्र पालटले. साधारणतः बारा आठवड्यांच्या उपचाराने नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांतून विषाणू नाहीसा होतो आणि डायलिसिसवरील रुग्णांनाही हे उपचार देता येतात. २८ जुलै २०१८ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ठरलेल्या शासकीय केंद्रांतून तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. बरे झाल्यावरही प्रतिपिंडांची चाचणी बहुधा सकारात्मकच येत राहते. तेव्हा विषाणू खरोखर गेला आहे काय, हे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या चाचणीवरूनच ठरते. एकदा बरे झाल्याने कायमचे संरक्षण मात्र मिळत नाही. दक्षता सुटल्यास पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

हिपॅटायटिस बी आणि एच.आय.व्ही. हे विषाणू औषधांनी काबूत ठेवता येतात, पण शरीरातून समूळ काढून टाकणे सहसा शक्य होत नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करावयाचे असल्यास या सर्व बाबींना विशेष महत्त्व येते. प्रत्यारोपणानंतर रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात व त्या काळात सुप्त असलेला हिपॅटायटिस बी उफाळून येऊ शकतो.

कुटुंबीयांसाठी

एका पंगतीत जेवल्याने, हस्तांदोलनाने, एकाच घरात राहिल्याने किंवा सेवा-शुश्रूषा करताना स्पर्श झाल्याने हे विषाणू पसरत नाहीत. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करणे अनावश्यक असून त्यामुळे त्याच्या मनास मात्र यातना होतात. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन व मधुमेह तपासण्याची सुई मात्र प्रत्येकाची वेगळी असावी. घरात हिपॅटायटिस बीचा रुग्ण असल्यास इतर सर्वांनी तपासणी करून लस घ्यावी. जखमेतून वा सुईच्या जागेतून रक्त सांडल्यास हातमोजे घालून ते पुसावे व ती जागा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने स्वच्छ करावी.

तीर्थयात्रेस किंवा लग्नकार्यास परगावी जाताना तेथील केंद्रात डायलिसिस घ्यावे लागते. अशा वेळी अलीकडचे सर्व चाचणी-अहवाल सोबत न्यावेत आणि परतल्यावर आपल्या केंद्रास त्याची माहिती देऊन पुन्हा तपासणी करून घ्यावी.

केंद्रात काय पाहावे, काय विचारावे?

रुग्ण, नातेवाईक आणि यंत्रासाठी निधी देणारे विश्वस्त या सर्वांनी पुढील गोष्टींची विनयपूर्वक चौकशी करण्यास हरकत नाही.

१. प्रत्येक नव्या रुग्णाची तिन्ही विषाणूंसाठी तपासणी होते काय? हिपॅटायटिस सीची चाचणी दर सहा महिन्यांनी होते काय? लसीचे संरक्षण नसलेल्यांची हिपॅटायटिस बीची चाचणी ठरावीक काळाने होते काय?

२. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना कर्मचारी हातमोजे बदलून हात धुतात काय? हात धुण्याची जागा व निर्जंतुक द्रव जवळ आहे काय?

३. औषधे स्वतंत्र स्वच्छ जागी भरली जातात काय?

४. दोन पाळ्यांच्या मध्ये खुर्ची, खाट व यंत्राचा बाह्यभाग निर्जंतुक करण्याइतका वेळ ठेवला जातो काय?

५. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी वेगळी खोली व वेगळे यंत्र आहे काय?

६. एका कर्मचाऱ्याकडे किती रुग्ण असतात? त्यांना प्रशिक्षण व हिपॅटायटिस बीची लस दिलेली आहे काय?

यांतील सहावा प्रश्न दात्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्र देणे दृश्य असते. त्यावर नामफलक लावता येतो, त्याचा अर्पणसोहळा करता येतो. हातमोज्यांचा वर्षभराचा पुरवठा, एक जादा परिचारिका, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, किंवा गरीब रुग्णांच्या चाचण्यांचा व लसींचा खर्च यांवर नाव कोरता येत नाही. पाच यंत्रे असून दोनच कर्मचारी असतील, तर घाई होते, आणि घाईत पहिली गोष्ट सुटते ती हात धुण्याची. म्हणून यंत्रासाठी निधी देताना त्याच्या जोडीस या गोष्टींसाठीही तरतूद करावी आणि वर्षातून एकदा केंद्राकडून नव्या संसर्गाची आकडेवारी मागवावी. त्या वर्षी केंद्रातील कोणासही नवा संसर्ग झाला नाही, असा अहवाल हीच आपल्या दानाची खरी पावती होय.

या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न असल्याने लस, चाचण्या व औषधे यांविषयी आपल्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.